अंगठा

नितेशला जाऊन बुधवारी तीन वर्षं झाली.
स्टेशनवर स्फोट झाला तेव्हा तो
चहाचे सुटे पैसे मोजत होता, असं एकजण म्हणाला.
दुसरा म्हणाला, झोपला होता, बॅग उशाशी घेऊन.
आईनं दोन्ही ठेवून घेतलं.

दवाखान्यातून आलेली यादी
तिच्या डाळीच्या डब्यात असते.
सतरा नावं. तिला वाचता येत नाही,
पण क्रम पाठ आहे:
नवव्या नंबरवर आपला, त्याच्या खाली
‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस’.
त्या तारखेला आई सतरा पणत्या लावते
आणि दहावीत तेल जरा जास्त घालते.
“तिले पाहाले कोणीच आलं नाई ना, बाप्पा.”

यंदा तारीख बाजाराच्या दिवशी आली.
पाण्याच्या टाकीला पोरांनी फ्लेक्स बांधला होता.
वर नितेश. खाली मोठ्या अक्षरात
कोणाकडून काही घ्यायचं नाही, ते.
काय लिहिलं, आईनं विचारलं.
मी वाचून दाखवलं. ती फोटोकडेच बघत राहिली.
“सदरा त्याचा नोय,” म्हणाली,
“मामाच्या पोराचा आणला होता, परीक्षेच्या फोटोपुरता.”
मग पोरांना:
“माह्या पोराले इचारलं का तुमी?”
त्यातल्या दोघांनी त्याला खांदा दिला होता.
ते खाली बघू लागले.
तिसऱ्यानं दोरी आणखी आवळली.

सांगून टाकते, मी आईसारखी नाही.
पहिल्या वर्षी दिग्रसच्या एस.टी.त
एक दाढीवाला माणूस शेजारी येऊन बसला,
मांडीवर कोंबडीच्या पिलांचं खोकं.
मी उठले. दारव्ह्यापर्यंत उभी राहिले.
खोक्यातून चिवचिव येत होती.
रिकाम्या झालेल्या जागेवर
त्यानं खोकंसुद्धा ठेवलं नाही.

जब्बार लसूण विकतो. वीस वर्षं
आई त्याच्याशी भांडते, कारण तो
पारडं अंगठ्यानं दाबतो,
आणि ती जाताना मूठभर मिरच्या उचलते.
चांगला माणूस आहे, असं ती कधी म्हणालेली नाही.

त्या दिवशी त्याच्यापुढे कोणी नव्हतं.
त्यानं पाव किलो तोलला, हात लांब धरून.
पारडं खाली गेलं, तरी वर आणखी दोन गड्डे टाकले.
“राहू द्या ना पैसे, काकू.”

आई उभीच.
“अंगठा कुठी गेला रे तुहा?”

तो बोलला नाही.
तिनं पदर खोचला, पोत्यावर बसली,
वरचे दोन गड्डे काढून ढिगात फेकले.
“भाव सांग.”
“द्या काय द्यायचे ते.”
“काहून? पोरगा माहा मेला.
तू त्याचं काई देणं लागत नाईस. भाव सांग.”

बराच वेळ तराजू दोघांच्या मधे हलत राहिला.
“साठ,” तो म्हणाला, पुटपुटल्यासारखा.
“चाळीस.”
“पंचावन्न.”
“अर्धा तं नासका हाये.”
“नासका? कोणता नासका, काकू? दाखवा, दाखवा मले!”
त्याचा आवाज चढला तशी
पलीकडची सांबारवाली वळून बघायला लागली
आणि आई, कितीक दिवसांनी, तोंडभर भांडली.
पन्नासला तुटलं.
मिरच्या तिनं उचलल्याच.

फ्लेक्स अजून आहे. एक कोपरा सुटलाय,
वारा आला की उसना सदरा फडफडतो.

रात्री पणत्यांपुढे बसून मी नावं वाचली.
आई लसूण सोलत ऐकत होती.
नवव्यावर माझा आवाज बसला.
तिनं मान वर केली नाही.
“वाच,” म्हणाली,
“पुढचे आठ जण थांबून रायले.”